हिरवी राहिलेली चकती

"त्यानं आपणहून मला टाकलं का, एवढंच सांगा अक्का. बाकी मला काही नको."

भारती खुर्चीच्या काठावर बसली होती. नवऱ्याला जाऊन पाच दिवस झाले होते. नरसिंहरावांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

कुंभकोणमच्या महामहम तळ्यामागच्या गल्लीत वेदवतीबाईंचं घर. सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि लोकांची कोडी सोडवू लागल्या. चुलतभाऊ नरसिंहराव रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले. ते टिपणं ठेवत, बस शोधत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

"पोलीस काय म्हणतात?" वेदवतींनी विचारलं.

"कीटकनाशक प्यायला म्हणतात. पेल्यात सापडलं, फ्लास्कमध्येही सापडलं. कॉफी मीच दिली होती घरून, रोज देते तशी. तो प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात विष ठेवायचा, चाचण्यांसाठी. त्यातलंच घेतलं म्हणतात." भारती थांबली. "त्याच्या औषधानं स्वामीमलैचा एक मूर्तिकार मेला, असं गावभर झालं होतं. म्हणून केलं म्हणतात."

"कीटकनाशकाला उग्र वास असतो," नरसिंहराव म्हणाले. "कॉफीत मिसळलं तरी कळतंच की."

"त्याला कळलं नसतं. करोना झाल्यापासून वासच येत नव्हता त्याला. हे चकत्यांचं वेड तेव्हापासूनच लागलं. म्हणायचा, माझं नाक गेलं, आता सिलिकॉनचं नाक बनवतो."

अरसलार नदीकाठी, रेशीम रंगवायच्या एका जुन्या शेडमध्ये भारतीच्या नवऱ्याची, हेमंतची, प्रयोगशाळा होती. इन्स्पेक्टर विष्णुवर्धनची बायको वेदवतींची विद्यार्थिनी, त्यामुळे कुलूप लगेच उघडलं. आत हेमंतची सहकारी हरिणी उभी होती. तिशीची, डोळे सुजलेले.

तिने एक चकती चिमट्याने उचलून दाखवली. रुपयाएवढी, मोराच्या मानेसारखी हिरवी.

"हे सिलिकॉनच आहे मॅडम. आम्लात ठेवून वीज सोडली की त्याला असंख्य भोकं पडतात, डोळ्यांना न दिसणारी. रंग त्या भोकांमुळे येतो. भोकांत वाफ शिरली की रंग बदलतो. ही चकती आम्ही कीटकनाशकासाठी बनवली. वाफ लागली की तांबडी होते आणि पुन्हा हिरवी होत नाही. आडुतुरैकडच्या शेतांत फवारणी करणाऱ्यांच्या खिशाला लावायची होती."

"आणि स्वामीमलैचा मूर्तिकार?"

"ते दुसरं काम." हरिणीचा आवाज खाली गेला. "अशाच चकतीवर कातडीच्या पेशी वाढतात. भाजलेल्या जखमेवर पुढेमागे लावता येतील. पण आधी चकती भट्टीत तापवावी लागते. कच्ची चकती जखमेच्या ओलाव्यात विरघळते आणि पेशी मारते. आमची तर अजून बशीतलीच चाचणी चालू होती. माणसावर लावायची परवानगी कुणालाच नव्हती."

"तरी लावली."

"डॉक्टर विष्णुप्रसादांनी. ते भागीदार आहेत. आमच्या डब्यातून कच्च्याच चकत्या नेल्या. सरांना माणूस गेल्यावर कळलं."

वेदवती काचेच्या कपाटापाशी गेल्या. वर पंखा, आत कीटकनाशकाची एकच बाटली, दोन बोटं रिकामी. शेजारी खिटीला चकती लावलेली. हिरवी.

"ही इथे कशाला?"

"राखण करायला. सरांना वास येत नव्हता ना. बाटली कपाटाबाहेर काढायची नाही, असा नियम होता. आत झाकण उघडलं तरी चकती तांबडी होते. पंखा मग वाफ ओढून नेतो. सर रोज सकाळी आठला नवी चकती लावायचे."

"गुरुवारी बाटली उघडली होती?"

"आम्ही नाही. बुधवारी संध्याकाळी ती भरलेली होती, सीलबंद."

हिरव्या रंगावर एका कडेला बोटाच्या टोकाएवढा राखाडी डाग होता. वेदवतींनी भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. "रांगोळीसारख्या बारीक रेघा आहेत," त्या पुटपुटल्या. खिटीवरचा एक पांढरा कण त्यांनी कागदाच्या पुडीत घेतला.

"हा रंग कशानं जातो गं?"

"अल्कलीनं. वीज सोडल्याशिवाय आम्ल याला काही करत नाही, पण अल्कली खाऊन टाकते. साबणाच्या हातानंही शिवायचं नाही. आम्ही चिमट्याशिवाय उचलतच नाही."

"गुरुवारी सकाळी काय झालं?"

"दहाच्या सुमारास शिवकामी आली, त्या मूर्तिकाराची बायको. गेटवर आरडाओरडा केला. सर आणि मी धावलो. तिला भोवळ आली, म्हणून मी आत येऊन पाणी नेलं. अर्ध्या तासानं ती गेली. मी बँकेत गेले. सर आत येऊन कॉफी प्यायले असतील. एक वाजता भारतीताई डबा घेऊन आल्या तेव्हा..."

"मागचं दार?"

"नदीकडचं? दिवसा उघडंच असतं."

स्वामीमलैच्या बसमध्ये नरसिंहरावांनी आपलं मत दिलं. "ही पोरगीच एकटी आत गेली होती. पाणी आणायला."

"हं," वेदवती म्हणाल्या.

शिवकामीला पाहिलं आणि त्यांचं मत बदललं. ओठ विड्यानं लाल, डोळे त्याहून लाल. मागे ओतशाळेत मूर्तींसाठी पाच धातूंचा पंचरस वितळत होता आणि त्याची धग ओसरीपर्यंत येत होती. तिने कमरेचा केळीच्या पानात बांधलेला दुकानातला विडा काढला, दोरा सोडला आणि तोंडात टाकला.

"होय अम्मा, शिव्या दिल्या मी," ती तमिळमध्ये म्हणाली. "माझ्या नवऱ्याची पाठ भाजली होती. डॉक्टर म्हणाला, नवी कातडी लावतो, हेमंतसारांनी बनवलीय. अकरा दिवस तो कुजत होता. वास अजून माझ्या नाकात आहे."

"मग हेमंतनं काय सांगितलं?"

"खरं सांगितलं. कच्चा माल लावला, म्हणाला. चूक डॉक्टरची, पण डब्याला कुलूप न लावण्याची चूक माझी, म्हणाला. सोमवारी तुमच्याबरोबर तंजावरला येतो, कलेक्टरपुढे लिहून देतो, म्हणाला." ती रडत नव्हती. "तो मेला तेव्हा मला वाटलं, माझा नवरा दुसऱ्यांदा मेला."

डॉक्टर विष्णुप्रसाद घरीच भेटले. पांढरा सदरा, पांढरे दात, मऊ आवाज. पलंगावर त्यांच्या आई महालक्ष्मीबाई पडलेल्या होत्या. अर्धं अंग लुळं, बोलणं अस्पष्ट. डॉक्टर त्यांच्याशी घरच्या जुन्या मराठीत लाडानं बोलत होते आणि बोलता बोलता कोवळ्या पानांच्या शिरा काढत होते.

"तुम्ही खाता?" नरसिंहरावांनी सहज विचारलं.

"छे! मी डॉक्टर माणूस. पण आईला कुंभकोणमचं कोवळं पान दर दोन तासांनी लागतं, आणि लावावं मीच. दुसऱ्या कुणाचं तिला चालत नाही." त्यांनी बोटानं डबीतला चुना पानाला लावला, सुपारी घातली, विडा दुमडून आईच्या तोंडात दिला आणि बोट फडक्याला पुसलं. "हेमंत फार खचला होता हो. मी त्याला सांगत होतो, विज्ञानात असं होतं."

"गुरुवारी भेटलात त्याला?"

"गेलो होतो. गेटवर ती बाई ओरडत होती, म्हणून गाडी वळवली. आत महिनाभरात पाऊल टाकलं नाही. त्या आम्लाची मला धास्ती आहे." निघताना त्यांनी दवाखान्याचं चकचकीत माहितीपत्रक हातात दिलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'भाजलेल्यांना नवी त्वचा.'

वेदवतींनी ते अलगद कडेला धरून पिशवीत ठेवलं.

दोन दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, सगळे प्रयोगशाळेत जमले. भारती, हरिणी, शिवकामी, डॉक्टर आणि दाराशी इन्स्पेक्टर विष्णुवर्धन.

"हेमंतनं आत्महत्या केली नाही," वेदवतींनी सुरुवात केली. "मरायचं असेल त्याला एक पेला पुरतो. तो अख्ख्या फ्लास्कमध्ये विष कशाला घालील? फ्लास्कमध्ये तोच घालतो, जो पेल्यात ओतायच्या वेळी तिथे नसणार."

भारतीनं डोळे मिटले. नरसिंहरावांना वाटलं, फ्लास्कची गोष्ट हिच्यापुढे नको होती. पण वेदवती थांबल्या नाहीत.

"आता ही चकती. बाटली दोन बोटं कमी झाली, म्हणजे ती उघडली गेली. कपाटात उघडली की चकती तांबडी व्हायलाच हवी, आणि एकदा झाली की ती परत हिरवी होत नाही. तरी पोलिसांना ती हिरवी सापडली. का?"

"कुणीतरी बदलली," हरिणी हळूच म्हणाली.

"बदलली. मरायला निघालेला माणूस पहाऱ्याची चकती कशाला बदलील? कपाट उघडल्याचं हेमंतच्या लक्षात येऊ नये, असं ज्याला वाटत होतं, त्यानं बदलली. म्हणजे चकतीचा अर्थ आणि नव्या चकत्यांची जागा त्याला ठाऊक होती. हेमंतला वास येत नाही, हेही ठाऊक होतं."

"मग हरिणी?" नरसिंहराव बोलून गेले.

"हरिणी चिमटा वापरते, नरसू. अल्कलीनं रंग जातो हे तिनेच आपल्याला सांगितलं. इथे उघडं बोट लागलंय आणि जिथे लागलं तिथली भोकं खाल्ली गेली आहेत. खिटीवरचा पांढरा कण मी तपासला. तो चुना आहे, म्हणजे अल्कलीच. विड्याचा."

नरसिंहरावांची नजर शिवकामीच्या लाल ओठांकडे गेली.

"नाही. ती बांधलेला विडा खाते. आणि ती सगळा वेळ गेटवर होती, दोघांच्या डोळ्यांसमोर. चुना खाणाऱ्याच्या बोटाला लागत नाही, लावणाऱ्याच्या बोटाला लागतो. डॉक्टर, फडक्यानं पुसून तो पूर्ण जात नाही."

डॉक्टर हसले. "या गावात पान लावणारी हजार माणसं आहेत."

"आहेत. पण बोटावरच्या रेघांचे उंचवटे जिथे टेकले, तेवढाच रंग चुन्यानं खाल्ला. ओल्या बोटाचा ठसा कागदावर पुसट होतो, सिलिकॉनवर कोरला जातो. त्या डागात ठशाची रेघ न रेघ आहे. तुमच्या माहितीपत्रकावरही तुमचा ठसा होता. इन्स्पेक्टरांनी दोन्ही ताडून पाहिले. महिनाभर तुम्ही आत आला नव्हतात, आणि ही चकती गुरुवारी सकाळी आठनंतर लागली."

वेदवतींनी नदीकडच्या दाराकडे बोट दाखवलं.

"सगळे गेटवर असताना तुम्ही गाडी वळवलीत, नदीकडच्या दारानं आत येऊन फ्लास्कमध्ये विष घातलंत आणि चकती बदललीत. सोमवारी हेमंत लिहून देणार होता, आणि भागीदाराला त्यानं ते आधी सांगितलंच असणार. तुमचं नाव, कच्च्या चकत्या, अकरा दिवस."

डॉक्टरांचा मऊ आवाज पहिल्यांदाच चिरकला. "एक माणूस गेला. एक! हे काम उभं राहिलं असतं तर हजारो वाचले असते. तो एका सहीनं सगळं बुडवायला निघाला होता."

"माझ्या नवऱ्याचं नाव मुरुगेशन होतं," शिवकामी म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. विष्णुवर्धननं त्यांना बाहेर नेलं.

भारती फ्लास्क ठेवायच्या रिकाम्या फळीकडे पाहत होती.

"आठवडाभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, अक्का. मला एका शब्दानं न सांगता गेला म्हणून. आणि तो माझ्या हातची कॉफी पिऊन गेला."

वेदवती भारतीशेजारी जमिनीवर बसल्या आणि ती रडेपर्यंत बसून राहिल्या.

पुढच्या सोमवारी नरसिंहराव भारती आणि शिवकामीला तंजावरच्या बसवर पोचवायला गेले. हरिणी आधीच स्टँडवर उभी होती. हातात कलेक्टरपुढे द्यायचा, तिच्या स्वतःच्या सहीचा जबाब होता. कच्च्या चकत्यांचा डबा तिनेच भरला होता, हेही तिने त्यात लिहिलं होतं.

"नोकरी मिळायची नाही पुन्हा," नरसिंहराव म्हणाले.

"नाही मिळायची," हरिणी म्हणाली आणि बसमध्ये चढली.

शिवकामीनं खिडकीची जागा भारतीला दिली.