कोंदणातली कणीक

लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीची दुकानं मोजायला घेतली तर माणूस दमेल. सोनाराची दुकानं मात्र मोजकीच. त्यातलं सगळ्यात अरुंद दुकान अतुलचं. दोन गिऱ्हाइकं एकदम आली की एकाला पायरीवर उभं राहावं लागे. दिवाळीची घाई उरकून गेली होती आणि अतुल निवांत चहा पीत होता, तेवढ्यात चंद्रिकाबाई पायरी चढल्या. त्यांनी त्याला सातवीला भूगोल शिकवला होता, त्यामुळे नमस्कार-चमत्कार न करता त्या थेट मुद्द्यावर येत.

"अतुल, हा नीलम खरा आहे का बघ. ह्यांनी घेऊन दिलाय."

'हे' म्हणजे केशवराव. पंचेचाळीस वर्षं संसार केला, एकदा तरी बोटीवर जाऊ, म्हणून दोघं मुंबईहून कोलंबोला जाऊन आले होते. बाईंना सांगायची फार हौस. आपल्याकडे गाडी थांबली की चिक्कीवाले डब्याकडे धावतात ना, तसे तिथं बंदरावर नीलमवाले. बोटीवर एक मुलगीच नेमलेली, कुठल्या दुकानात काय घ्यायचं ते सांगायला. तिनं सगळ्यांना नकाशे वाटले. नकाशा दाखवला की दुकानात चंद्रमण्याचा एक खडा फुकट. सगळी बोट त्या खड्यासाठी रांगेत उभी. केशवरावांना मात्र वाटलं, नकाशातली दुकानं म्हणजे कमिशनचा मामला. म्हणून ते बायकोला घेऊन मागच्या गल्लीत शिरले आणि नकाशात नसलेल्या दुकानातून ही अंगठी घेऊन आले.

"तुम्ही घातली होती का, बाई?" भिंग डोळ्याला लावत अतुलनं विचारलं.

"छे रे. नीलम आहे, आधी तीन दिवस उशाखाली ठेवून बघायचा असतो. माझा विश्वास नाही, पण बघायला काय जातंय? आधी तू स्वच्छ करून दे."

खडा खरा होता. रंग थोडा फिका, पण खोट नव्हती. बाई खूश होऊन गेल्या आणि अतुलनं अंगठी उलटी केली.

ग्रहाच्या खड्याची पाठ बोटाला लागली पाहिजे, म्हणून कोंदण मागून उघडं ठेवतात. त्या पोकळीत बाईमाणसाचा सगळा दिवस जाऊन बसतो. कणीक, हळद, साबण, खोबरेल. अतुलला त्यावरून माणूस ओळखायची सवय होती. कुणाकडे स्वयंपाकाला बाई आहे, कोण सासूशी भांडून वेगळी झाली, हे त्याला गावाआधी कळे आणि तो ते कुणाला सांगत नसे.

न घातलेल्या ह्या अंगठीत मळ होता. पांढरी वाळू, मीठ, खवलेल्या नारळाचा चुरा. म्हणजे तिथल्या दुकानदारानं जुनी अंगठी नवी म्हणून गळ्यात मारली, असं मनाशी म्हणत त्यानं सुईनं आणखी खाली खरवडलं. तळाशी काळपट चिकट थर होता. त्यानं तो सवयीनं नाकाशी नेला. करंजाचं तेल आणि कापूर.

त्याचा हात थांबला.

हे तेल त्याची सासू जवळच्या औंढे गावी चुलीवर कढवायची. लेकीच्या बोटांना भेगा पडायच्या म्हणून. त्याची बायको प्रतीक्षा एका चिक्कीच्या कारखान्यात पाक बघायला जायची, आणि गरम गूळ रोज बोटांनी तपासून तिची कातडी फाटायची. अठरा वर्षं प्रत्येक दिवाळीला अतुलनं तिची पोवळ्याची अंगठी स्वतः साफ केली होती. गूळ, ओवा घातलेली कणीक आणि हे तेल. दुसऱ्या कुणाच्या हाताला असा वास त्याला कधी आला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्रतीक्षा औंढ्याला आईकडे म्हणून रिक्षात बसली. पंधरा मिनिटांचा रस्ता. ती तिथं पोचली नाही. रिक्षावाला सापडला, तो म्हणाला, बाई फाट्यावर उतरल्या. पुढचं कुणालाच माहीत नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, धरणाचं पाणी झालं. अतुल अजून दर महिन्याला चौकीत जाऊन यायचा, आणि तो दिसला की हवालदार आधीच मान हलवायचा.

आता सासूनं, आक्काबाईंनी, गुरुजी ठरवले होते. दर्भाची बाहुली करून प्रतीक्षाची उत्तरक्रिया करायची, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. अतुल ऐकत नव्हता. पण त्याची मुलगी सई एकदा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मला आईसाठी एकदा मोकळेपणानं रडायचंय. तुम्ही रडूही देत नाही." त्यावर तो हो म्हणाला होता.

त्यानं अंगठी रिठ्याच्या पाण्यात घालून लख्ख केली, पुडीत बांधली आणि तिजोरीत ठेवली. करंजाची झाडं सगळीकडे असतात, हे त्यानं स्वतःला दोनतीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंदणात तांदळाचं पीठ होतं. ओलं.

आपलंच साफ करायला राहिलं असेल, असं त्यानं धरलं. पुन्हा धुतली, वाळवली, भिंगातून चारही बाजूंनी पाहिली. पुडीला लाखेचा ठसा मारला. तिजोरीची किल्ली एकच आणि ती त्याच्या जानव्याला. पुढच्या सकाळी ठसा शाबूत होता आणि आत चिंचेचा कोळ होता. आणि तेलाचा वास.

तो घाबरला असं म्हणता येणार नाही. खरं सांगायचं तर त्याला इतका आनंद झाला की त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून रडला. ती कुठेतरी होती. स्वयंपाक करत होती. तिनं काल आमटी केली होती.

त्यानंतर तो सातलाच दुकान उघडू लागला. पुडी फोडायची, भिंग लावायचं, सुईच्या टोकावर निघेल ते कागदावर घ्यायचं. लोक सकाळी पेपर वाचतात, तसा तो बायकोचा कालचा दिवस वाचायचा. एक दिवस नाचणी निघाली. दोन दिवस नाचणीच. मग ज्वारी.

चंद्रिकाबाई अंगठी न्यायला आल्या तेव्हा त्यानं कोंदण ढिलं असल्याची थाप मारली आणि विषय बदलावा तसं विचारलं, "बाई, त्या दुकानात विकायला कोण होतं?"

"विचित्रच दुकान ते. समोर कुणी नाही. पडद्याआडून एक हात यायचा आणि ट्रे पुढे सरकवायचा."

"बाईचा हात?"

"बाईचाच. भेगाळलेला अगदी. मी ह्यांना म्हटलं, एवढे नीलम विकतात आणि हाताला लावायला मलम नाही. आणि ही अंगठी ट्रेमध्ये नव्हती. आम्ही लोणावळ्याचे, असं हे म्हणाले, आणि मग ती बाहेर आली. त्या हाताच्या बोटावर पांढरा पट्टा होता रे, अंगठी आताच काढल्यासारखा. चेहरा नाही पाहिला मी."

अतुलनं खिशातून प्रतीक्षाचा फोटो काढला होता. तो त्यानं तसाच परत ठेवला.

बाई गेल्यावर त्या वर्गात काय शिकवायच्या ते त्याला आठवलं. भात कुठं पिकतो, नाचणी कुठं, ज्वारी कुठं. फळ्यावरच्या नकाशात त्या खालून वर खडू फिरवत जायच्या. अतुलनं रोजचे ते कागद ओळीनं मांडले आणि त्याच्या लक्षात आलं, ती नुसता स्वयंपाक करत नव्हती. ती येत होती. रोज थोडी वर, चालत.

त्या संध्याकाळी त्यानं सईला सांगितलं, रविवारचं रद्द. सई ताट उचलून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मग दोन दिवस बाजरी निघाली. बुधवारी गूळ. गुळात शेंगदाण्याचं तांबूस साल चिकटलेलं.

तो उठला आणि बाजारपेठ पालथी घातली. प्रत्येक चिक्कीच्या दुकानात, मागच्या कारखान्यात, कढयांपाशी बसलेल्या प्रत्येक बाईचे हात पाहून आला. कुणी ओळखीचं हसलं, कुणी हटकलं. ती नव्हती.

गुरुवारी तो पुडी घेऊन औंढ्याला गेला. आक्काबाई अंगणात वाल सोलत होत्या. त्यानं काही न सांगता कागद पुढे केला. म्हातारीनं वास घेतला आणि कागद लगेच खाली ठेवला.

"कुटं मिळालं हे, जावयबापू?"

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो हसत होता. आक्काबाई हसल्या नाहीत.

"त्याल माजंच हाय," त्या म्हणाल्या. "पर ती गेल्यापास्नं मी त्याल कढवलंच न्हाई. एक थेंब न्हाई घरात. मग तिला कुनी दिलं?"

अतुलनं कागदाची पुन्हा घडी घातली.

"समदा रस्ता ती रांधत आली म्हनता. कुनासाठी रांधत आली? कुनी घरात घेतलं तिला?" म्हातारीचे हात शेंगांत तसेच राहिले होते. "तीन वरसं मी रोज म्हनत हुते, ये बाई, ये. आज मी आई असून सांगते, तिला म्हनावं येऊ नगंस. अंगठी ज्याची त्याला द्या आन् रविवारचं करून टाका. घरात तरणी पोर हाय."

"तुमची लेक आहे ती, आई."

"व्हय. म्हनूनच मला कळतं."

तो न जेवता परतला. वाटेवर त्या फाट्याशी त्यानं गाडी थांबवली. रस्ता रिकामा होता, उन्हात भाताची खाचरं पडलेली. तो तिथं पाच मिनिटं उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मागं वळून पाहायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी कोंदणात पीठ नव्हतं. लाल पूड होती.

ती त्यानं लगेच ओळखली. सोन्याला शेवटची चमक देतात ती पूड. त्याच्याच पाटावर, त्याच्या उजव्या हाताला, डबीत असते. डबीचं झाकण उघडं होतं.

तो दिवसभर भिंतीला पाठ लावून बसला.

शनिवारी त्यानं पुडी फोडली. आत काहीच नव्हतं. ना पीठ, ना तेल, ना वास. अंगठी नुकती घडवल्यासारखी कोरी. तो उन्हात नेऊन, भिंग पुसून पुसून पाहत राहिला. अकराच्या सुमाराला चंद्रिकाबाई आणि केशवराव दोघंही आले, आणि ह्या वेळी त्याला कुठली थाप सुचली नाही. बाईंनी अंगठी तिथंच बोटात घातली. "उशाखाली नको आता," त्या म्हणाल्या, "इतके दिवस तुझ्याकडे राहिली, काही वाईट तर झालं नाही ना?"

"नाही, बाई," अतुल म्हणाला.

संपलं, असं त्याला वाटलं. तिला येऊ नको म्हटलं आणि ती ऐकून माघारी गेली. त्याला म्हातारीचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. संध्याकाळी त्यानं औंढ्याला फोन करून सांगितलं की उद्या गुरुजींना येऊ द्या. सईनं ते ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती खूप रडली. तीन वर्षांचं रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

रविवारी तो सातला उठला. सई झोपली होती. ऊन स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत आलं होतं.

ओट्यावर परात होती. परातीवर ओलं फडकं.

त्यानं फडकं उचललं. कणीक भिजवून, मळून, गोळा करून ठेवलेली. ओवा घातलेला. सईला ओवा आवडत नाही.

गोळ्यावर बोटं उमटली होती. चार खळगे, ओळीनं. प्रतीक्षा कणीक मुरली का ते अशीच बघायची, चारही बोटं एकदम आडवी दाबून.

त्यानं दाराशी टांगलेल्या पिशवीतून बोटाची मापं घ्यायच्या कड्यांचा जुडगा काढला. हात दुसरं काही करायला तयार नव्हते, म्हणून असेल. प्रतीक्षाचं माप चौदा. ते कडं त्यानं खळग्यावर धरलं. खूप मोठं झालं. बाराचं मोठं झालं. आठचंही.

जुडग्यातलं सगळ्यात लहान कडं बारशाच्या अंगठीचं असतं. खळगा त्याहूनही अरुंद होता, नुसत्या हाडाएवढा. लांबीला मात्र प्रतीक्षाच्या बोटाएवढाच.

आतल्या खोलीचं दार वाजलं. सई जांभई देत आली.

"बाबा, कणीक कुणी भिजवली?"

"मी," तो म्हणाला, आणि तळव्यानं गोळा दाबून त्यानं चारही खळगे सपाट करून टाकले. कणीक अजून कोमट होती.

"तुम्ही?" सईला हसू आलं. "बरं. गुरुजी दहाला येतील ना?"

"त्यांना फोन कर. येऊ नका म्हणावं. आज काही करायचं नाही."

"बाबा, पुन्हा?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या मागच्या खोलीकडे पाहत होता.

"आणि पोळ्या तिघांच्या कर," तो म्हणाला.

आजी येणार असेल, असं समजून सईनं गॅस पेटवला.