हवा भरपूर, पेट्रोल कमी

फट्... फट्-फट्! गॅरेजच्या दारात बसून मी चिस्लिकचा – तळलेल्या मटणाचा – पहिला तुकडा तोंडात टाकला, तोच एक मोटारसायकल वेग कमी करत समोर येऊन थांबली. सायलेन्सरमधून असे बार निघाले, की समजावं – इंजिन उपाशी आहे.

"बाईसाहेब, एवढं जोडून द्या ना." उन्हाने भाजलेला, उंच. नाव एमेट. हातात ट्यूनर – इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारी पेटी. मोटारसायकलींच्या मेळाव्यात स्वस्तात मिळाली म्हणे.

मी लावून पाहिली. "ही दुसऱ्याच्या गाडीशी जखडलेली आहे. एकदा एका गाडीला जोडली, की दुसरीशी बोलत नाही. विचारलं नाहीस?"

"विकणारा फार गोड बोलत होता."

"तूही बोलतोस. म्हणून मी विश्वास ठेवू?"

तो हसला. मला राग आला... हसू छान होतं, म्हणून जास्तच.

हवेचा फिल्टर नवा, सायलेन्सर नवे. म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल जुन्याच मापाने. अशी गाडी तापते. लांबच्या रस्त्यावर पिस्टन जळतो. "चालता चालता शिकणारा ट्यूनर घे," मी म्हटलं. "मंगळवारी येईल."

"सोमवारी नेब्रास्कात कामावर जायचंय मला. ती झटपट बसणारी छोटी पेटी दे की."

"ती सेन्सरच्या नावाने इंजिनाला खोटं सांगते."

"थोडंसं खोटं, ब्रिटा..." माझ्या शर्टावरचं नाव त्याने वाचलं होतं.

"माझ्या गॅरेजात नाही!"

"मग राहिलं!" हेल्मेट चढवून तो फटफटत बॅडलँड्सच्या माळरानाकडे निघून गेला.

चिस्लिक गार झालं. जाऊ दे, जळू दे पिस्टन – मी स्वतःला बजावलं. गॅरेजमागे गाड्यांच्या मूळ सायलेन्सरांचा ढीग असतो. नवे बसवले, की जुने कुणी घरी नेत नाही. त्यातून त्याच्या गाडीला बसेल अशी जोडी शोधताना मी मोठ्याने शिव्या देत होते. जोडी आणि जुना फिल्टर पिकअपमध्ये फेकला आणि सुसाट निघाले.

माळावर, रस्त्याच्या कडेला तो उभा होता. तापून पाईप निळे पडलेले.

"तुला कुणी बोलावलं?"

"इंजिनाने. जुने बसवले, की हवाही जुन्याच मापाने. पाना धर."

"मला हाच आवाज हवाय!"

"पिस्टन जळाल्यावर कसला आवाज येतो, माहितीय?"

पाईप निवेपर्यंत आम्ही पिकअपच्या सावलीत बसलो, पाठ फिरवून. मग मी नट सोडवत गेले, तो एकेक तळहातावर झेलत गेला. एकदा बोटांना बोटं लागली – कुणीच घाई केली नाही.

"असे रोज दहा जण येत असतील. सगळ्यांवर इतकी चिडतेस?"

"चिडते."

"आणि... सगळ्यांच्या मागे धावतेस?"

पाना थांबला. गवतातून गरम वारा सरकत गेला.

"नाही," मी म्हटलं. तेही रागानेच.

गाडी सुरू झाली. आवाज साधा, अगदी सौम्य. एमेटने तोंड वाकडं केलं. मग नवे सायलेन्सर स्वतःच माझ्या पिकअपमध्ये नीट ठेवले.

"तो शिकणारा ट्यूनर मागव. पुढच्या शनिवारी येतो..." तो घुटमळला. "तोवर राग जाईल ना?"

"मुळीच नाही."

"मग शुक्रवारीच येतो."