एकट्याला केलेला नमस्कार

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची दुपार कलू लागली होती आणि एगिदियो आपल्या मुलाच्या कमरेला दोरी बांधत होता. इटलीतल्या तारांतोच्या खाडीत शिंपल्यांची शेती करता करता त्याचे हात लाकडासारखे झाले होते. पण ही गाठ तो फुलाला बांधावी तशी हळुवार बांधत होता.

पांढरा पायघोळ झगा, डोळ्यांपुरती दोन भोके ठेवलेला बुरखा, त्यावर काळी टोपी, कमरेला पदकांची जपमाळ, हातात उंच काठी आणि पाय अनवाणी. दूरदेशाहून क्षमा मागायला आलेल्या यात्रेकरूचा हा वेष. तो एकदा अंगावर चढला की माणूस आपल्याच गावात परका होतो. बोलायचे नाही, ओळख द्यायची नाही. जोडीजोडीने, अंगाला झोका देत, बोटभर पाऊल टाकत एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जायचे.

“बोटभर म्हटलंय, रोक्को,” दारात उभी असलेली असुंता मुलाला म्हणाली. “बस सुटल्यासारखा धावू नकोस.”

“आई, या वेगानं गेलो तर तिथं पोचेपर्यंत माझं लग्नाचं वय निघून जाईल.”

“ते तसंही निघूनच चाललंय!”

एगिदियो हसला नाही. जानेवारीच्या वादळात रोक्कोची होडी उलटली होती. शिंपल्यांच्या खांबाला मिठी मारून तो तीन तास पाण्यात तग धरून राहिला, आणि असुंता नवस बोलली की पोरगा परत आला तर यंदा तो बापाच्या जोडीने अनवाणी चालेल. पोरगा परत आला. पण बापाच्या जोडीची ती जागा त्याचा दोस्त नुन्झियो याची होती. अठ्ठावीस वर्षे नुन्झियो आणि एगिदियो एकत्र चालले होते. दोन वर्षांपूर्वी त्याच पाण्याने नुन्झियोला ठेवून घेतले. त्याचा देहही किनाऱ्याला लागला नाही.

बाप-लेक निघाले. सारी गर्दी चौकात होती, म्हणून एगिदियोने मागची अरुंद गल्ली धरली. निजेची वेळ. बंद खिडक्या, दोरीवर निश्चल लोंबणारे कपडे, दगडांतून वर येणारी ऊब. जपमाळेचे मणी झग्यावर आपटत होते, तेवढाच आवाज.

समोरून एक यात्रेकरू आला.

एकच.

या व्रतात एकटा कोणी चालत नाही. बुडालेला मात्र चालतो, असे जुने कोळी सांगत. तो जोडीदार शोधत येतो आणि आपल्या नमस्काराला जो उलट नमस्कार करील, त्याला घेऊन जातो. समोरचा झोके घेत जवळ येत होता. प्रत्येक झोक्याला त्याचा डावा खांदा किंचित मागे राहत होता. बुरख्याआड चेहरा लपतो, चाल लपत नाही. अठ्ठावीस वर्षे ती चाल एगिदियोच्या शेजारी होती.

त्या यात्रेकरूने टोपी काढली, माळेची पदके छातीशी धरली आणि वाटेत भेटलेल्या यात्रेकरूंना करतात तसा नमस्कार करायला तो वाकला.

एगिदियोने काठी घट्ट धरली आणि तो ताठ उभा राहिला. पण रोक्कोला लहानपणापासून एकच शिकवण होती: नमस्कार कधी परत फिरवू नये. बापाचा हात अडवायला पोचण्याआधीच त्याची टोपी निघाली, पदके छातीला लागली, मान लवली.

गल्लीत खाडीच्या तळच्या चिखलाचा वास पसरला. तो यात्रेकरू त्यांच्या अंगावरून पुढे गेला... आणि मग मागे वळला.

बाप-लेक चर्चमध्ये शिरले. वेदीपुढे फुले रचलेली होती आणि अंधारात उगवलेल्या गव्हाची फिकट रोपे मांडलेली होती. दोघांनी गुडघे टेकले.

इथला नियम साधा होता. मागून नवी जोडी आली की ती काठ्या फरशीवर आपटते, आणि पुढच्या जोडीने निमूट उठून जागा द्यायची. न उठणे म्हणजे दुसऱ्याची प्रार्थना अडवणे. असे पाप एगिदियोने जन्मात केले नव्हते.

मागे काठी वाजली. एकच.

रोक्को उठू लागला. एगिदियोने त्याचे मनगट धरले.

काठी पुन्हा वाजली. रोक्कोच्या बुरख्याचा कपडा तोंडापाशी भिजू लागला. आतून श्वासाऐवजी पाणी येत असावे तसा.

“बाबा...” तो कुजबुजला. “पाय... पाय उठतायत माझे...”

“बस खाली.” मौन मोडले. एगिदियोला त्याचे काहीच वाटले नाही. वेदीवरची नजर न काढता तो मागच्याशी बोलला. “नुन्झियो, मी उठणार नाही.”

काठी तिसऱ्यांदा वाजली. वेदीवरच्या मेणबत्त्या आडव्या झाल्या.

“आपट, हवी तेवढी आपट. आठ दिवस शोधलं तुला मी. हातांची सालं निघाली. समुद्रानं तुला परत दिलं नाही, त्यात या पोराचा काय दोष? अठ्ठावीस वर्षं चाललो तुझ्याबरोबर. तेवढी तुझी. घेऊन जा. त्यापुढचं एक पाऊलसुद्धा तुझं नाही. ज्याच्या दारात गुडघे टेकलेत, त्याच्यासमोर सांगतोय.”

एगिदियोच्या पाठीच्या मणक्यातून काहीतरी हळूच ओढून घेतल्यासारखे वाटले. जाळ्यातून दोर सरकावा तसे. आणि मग काठ्या वाजल्या. दोन, एकदम. त्यांचा आवाज दरवाजाकडे सरकत गेला आणि विरला.

रोक्कोने खोल श्वास घेतला. त्याचा बुरखा कोरडा होऊ लागला होता.

दोघे दाराशी आले तेव्हा चर्चची राखणदारीण, म्हातारी फिलोमेना, भिंतीला टेकून बसली होती. बाहेर एक जोडी ताटकळत उभी होती.

“मीच थांबवलंय त्यांना,” ती म्हणाली. “तुमच्या मागं आधीच कुणीतरी होतं, म्हणून...” एवढे बोलून तिने वर, एगिदियोच्या बुरख्यातल्या डोळ्यांत पाहिले आणि क्रूसाची खूण करायला तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. “पण एगिदियो... तू तर आत्ताच गेलास. त्या दुसऱ्याबरोबर. मी तुझी चाल ओळखत नाही होय?”

“जाऊ दे त्याला, फिलोमेना,” एगिदियो म्हणाला. “माझी अजून चार चर्चं राहिलीत.”

त्याने व्रताचे ते बोटभर पाऊल उचलले, आणि रोक्कोला दिसले की बापाच्या अंगाला झोका येत नाही. अठ्ठावीस वर्षांची ती चाल त्या पायांना आता ठाऊकच नव्हती. काठीवर भार देऊन, दात आवळून, एगिदियोने ते पाऊल टाकलेच. मग दुसरे. रोक्कोने आपला वेग कमी केला आणि खांद्याला खांदा लावून तो बापाला झोका दाखवू लागला.

खालच्या गल्लीतून, त्यांच्या दर पावलासरशी, दोन काठ्या वाजत होत्या.

एगिदियोने आपली काठी त्यांच्याहून जोरात आपटली.