उंबऱ्यावरचा भुऱ्या

दुपारचा डबा खाऊन हेमलताने निवाऱ्याचं फाटक उघडलं, तर एरंडोलकडचे झुलाल आबा सुतळीला बांधलेला कुत्रा घेऊन उभे. जळगावच्या या निवाऱ्यात लोक नकोशी झालेली कुत्री रोजच आणून सोडत. हेमलताला त्यात नवं काही नव्हतं.

"काय त्रास देतो, आबा?"

"मन्ही घरवालीले घरमा येऊ देत नही. दिवे लागनात की दारमा आडवा पडस, तिना अंगवर धावस. बिचारी बाहेरच रडत बसस."

कुत्र्याचं नाव भुऱ्या, एवढं सांगून आणि सुतळी तिच्या हातात देऊन आबा गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी.

हेमलताने भुऱ्याला नीट पारखलं. तो खात असताना ताटलीत प्लॅस्टिकचा हात घातला, लहान पोराएवढी बाहुली अंगावर टाकली. पठ्ठ्या साधा गुरगुरला नाही, उलट तिच्या मांडीवर तोंड ठेवून पडला. तिला फार वाईट वाटलं. पण घरच्याच माणसावर धावणारा कुत्रा दुसऱ्याच्या घरी द्यायचा नाही, कायमचा झोपवायचा, हा निवाऱ्याचा नियम. आणि नियमापुढे आपण डोकं चालवत नाही, याचा हेमलताला भारी तोरा. त्याच दुपारी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. भुऱ्या शेवटपर्यंत फाटकाकडे बघत होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला आबांचा शेजारी लखन धापा टाकत आला.

"ताई, भुऱ्याले परत द्या. आबानं डोकं ठिकाणावर नही. त्यासनी घरवाली झुंबर अक्का ते मागला सालेच मरी गयी…"

"मग ती दारात येते ती…"

"तीच. रोज येस. भुऱ्या दारमा व्हता म्हणीसन आबा जित्ता शे."

कुत्र्याला हेमलताने नाना तऱ्हांनी तपासलं होतं. दारात येणारी बाई कोण, एवढं मात्र विचारलं नव्हतं. तिने आबांना फोन लावला. दार उघडू नका, एवढंच सांगायचं होतं.

पलीकडे फोन उचलला गेला. मागच्या पिंजऱ्यांतली कुत्री एकाएकी गप्प झाली.

"आबा…?"

कोणीतरी हुंदका आवरला. मग बाईचा आवाज आला, थकलेला, मायेचा.

"भुऱ्या गया का, माय?"

हेमलताची नजर भुऱ्याच्या रिकाम्या पिंजऱ्याकडे गेली.

"मंग… जास मी घरमा."

फोन बाहेर ओट्यावर टेकवल्याचा आवाज आला, पण तो चालूच राहिला. दार कुरकुरलं. आबा झोपेतच काहीतरी म्हणाले, आणि आतून कडी लागली.