सहवासांक शून्य

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या चांद्रवस्तीत ऋजुता गवंडी दुसऱ्या यानातून आली, ती माशांची गोठवलेली अंडी घेऊन. भोजनगृहात नऊशे लिटरची काचेची टाकी बसवायची आणि तीत ज्यांचं एकमेकांशी पटेल असे मासे वाढवायचे, एवढंच तिचं काम. चाळीस माणसांच्या वस्तीतल्या तिघांनी परतीचे अर्ज आधीच दिले होते. अर्ज पाच झाले की वस्ती बंद, असा नियम होता.

मिरजेतलं वडिलांचं मत्स्यालयाचं दुकान ते गेल्यावर बंद करून ती आली होती. सदानंद गवंडी गिऱ्हाइकाला मासा दाखवण्याआधी चौकशी करायचे: टाकी केवढी, पाणी नळाचं की बोअरचं, आत आधी कोण कोण आहे. उत्तरं पटली नाहीत तर विकायचेच नाहीत. "बोअरच्या कडक पाण्यात टेट्रा नेऊन मारू नका, गप्पी न्या," असं सुनावून वर चहा पाजायचे. संध्याकाळी टाक्यांसमोरच्या बाकावर पाच-सहा जण काहीही विकत न घेता गप्पा मारत बसलेले असत. त्या बैठकीची ऋजुताला फार आठवण यायची. ती इथे पुन्हा भरवावी, एवढ्यासाठीच खरं तर ती इतक्या लांब आली होती.

इथली निवड मात्र चौकशीवर नव्हे, सहवासांकावर व्हायची होती. तो शोध वस्तीप्रमुख डॉ. मुजावर यांचा.

"मासा बिचकला की पाण्यात भयद्रव्य सोडतो," त्यांनी पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत समजावलं. "दोन जाती दिवसभर एकत्र ठेवायच्या आणि ते मोजायचं. जितकं कमी तितकं पटतं. माणसांच्या घामातही तसंच मोजता येतं. इथली चाळीस माणसं मी अशीच निवडली. सगळ्यांचा मिळून सहवासांक शून्य."

बर्फ वितळवून केलेलं पाणी मऊ, क्षार नसलेलं, म्हणून कडक पाण्यातले गप्पी बाद झाले. ऋजुताने तीस टेट्रा आणि तळाशी फिरणारे आठ कोरी वाढवले. अंक आला शून्य. कुणी कुणाचे पर कुरतडले नाहीत, कुणी मेलंही नाही.

"एवढी शहाणी टाकी मी जन्मात पाहिली नाही," दोन महिन्यांनी ती डॉक्टरांना म्हणाली, "आणि एवढी कंटाळवाणीही नाही. टेट्रा घोळका करत नाहीत."

"घोळका कशाला करतात ते?"

"कुणी खाईल या भीतीने. इथे खाणारंच कुणी नाही, मग शेजाऱ्याची गरज काय?"

डॉक्टर भोजनगृहाकडे बघत राहिले. माणसं येत, ताट वाढून घेत, एकमेकांकडे पाहून गोड हसत आणि आपापल्या खोलीत जाऊन जेवत.

"बाबा प्रत्येक शांत टाकीत एक एंजल मासा सोडायचे," ऋजुता म्हणाली. "मोठा, पण टेट्रा त्याच्या तोंडात मावणार नाही एवढाच. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, आठवडाभर बघा, मग बोला."

तिने एंजल वाढवून टाकीत सोडला. तासाभरात तीसही टेट्रा एका अंगाने वळू लागले. सहवासांक अकरावर गेला. लोकांना मात्र हा दांडगा मासा मुळीच आवडला नाही. काढून टाका, म्हणू लागले. ऋजुता आता दिवसभर टाकीपाशी उभी राहून प्रत्येकाला फटकारायची. वडिलांचं फटकळ तोंड तिला मिळालं होतं, चहा पाजायचं मात्र सुचत नव्हतं.

आठवड्याने डॉक्टरांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. एंजल काढावा आणि गवंडीबाईंना परत पाठवावं, अशी मागणी होती. खाली डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांच्या, एकोणचाळीस सह्या.

"कुठे बसून लिहिलं हे?"

"भोजनगृहात. चार दिवस रोज एकत्र बसतायत. त्या तिघांनी परतीचे अर्ज मागे घेतले. तुम्ही जाईपर्यंत हलणार नाहीत म्हणे."

ऋजुता हसली आणि मग एकदम थांबली. "डॉक्टर, तुम्हाला हे ठाऊक होतं."

"तुमचा सहवासांक सतरा होता. नियमाने तुम्ही बाद. माणसं पांगत होती, म्हणून मी मुद्दाम घेतलं तुम्हाला. पण एंजल येईपर्यंत तुम्ही माशांखेरीज कुणात मिसळलाच नाहीत."

"मग आता पाठवणार परत?"

"पाठवलं की पुन्हा पांगतील." डॉक्टरांनी नजर चुकवली. "आणि त्यांचं तुमच्याशी जमलं, तरीही तेच होईल. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, बाई. मी जबरदस्ती करणार नाही."

तिला फार वाईट वाटलं. बैठक भरली होती, आणि तीत तिलाच जागा नव्हती.

ती जेवायला गेली तेव्हा सगळे टाकीशेजारच्या एकाच लांब टेबलाला दाटीवाटीने बसले होते. मोठमोठ्याने बोलणं चाललं होतं, ते तिला पाहून थांबलं. कडेला बसलेल्या एका बाईला तिची दया आली असावी. तिने आपली खुर्ची हातभर सरकवून जागा केली. "या की, बसा," ती हळूच म्हणाली.

ऋजुता क्षणभर त्या जागेकडे बघत राहिली.

"खुर्ची टाकीला लागतेय," ती म्हणाली. "एवढं कळत नाही का तुम्हाला?"

बाईने खुर्ची पुन्हा आत ओढली आणि शेजारणीच्या कानात काही सांगितलं. सगळं टेबल हसलं. ऋजुता ताट घेऊन कोपऱ्यात एकटीच जेवायला बसली.