शंभरपैकी नव्व्याण्णव, तरीही नापास

शंभरपैकी नव्व्याण्णव मार्क मिळवणाऱ्याला कुणी नापास करेल का? खेकडूने केलं, आणि तेही हेमांगीच्या डोळ्यांदेखत!

खेकडू म्हणजे कोंडवळच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करणारा सहा पायांचा यंत्रमानव. साल २०४१. सहावीतली हेमांगी शाळेची वेबसाइट सांभाळायची. घरट्यांवरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्या साइटवर जगभर दिसे. चार दिवसांत पिल्लं वाळूतून वर येणार होती. तिचे बाबा अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्रात स्वयंपाकी होते. गेल्या वर्षी ते दोन तास स्क्रीनसमोर बसले आणि त्यांना दिसलं काय, तर नुसतं गोल फिरणारं चाक! ‘यंदा नक्की दाखवते,’ असा शब्द हेमांगीने दिला होता.

“साइट ठेवायला यंदा ही कंपनी घेऊया,” ती म्हणाली. “नव्व्याण्णव टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचा वेळ) देतेय!”

“नापास,” खेकडू तिरका तिरका चालत म्हणाला. “वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. त्यातला एक टक्का किती?”

हेमांगीने वाळूत बोटाने गणित मांडलं. “तीन पूर्णांक पासष्ट... अरे बापरे, साडेतीन दिवसांहून जास्त बंद?”

“आणि नेमकी तेव्हाच पिल्लं आली तर?”

“पण साइट बंद पडतेच कशी? ती तर हवेत असते ना?”

“हवेत कुठली! ती सर्व्हरमध्ये (पान मागितलं की काढून देणारा, सतत जागा संगणक) असते. त्याची वीज जाते, तो तापतो, हजारो माणसं एकदम आली की गुदमरतो. आपली साइट अशा सर्व्हरवर ठेवून सांभाळायला देणं म्हणजे होस्टिंग.”

“म्हणजे पाळणाघरच की!” डबा घेऊन आलेली आई म्हणाली. “टोपी घाल आधी. तुझ्यासाठी मी दोन पाळणाघरं बघितली होती. न कळवता, भर दुपारी, सगळे पेंगतात तेव्हा. एक बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे मुलं रडतच नाहीत.’ मी तिथून उठलेच. दुसऱ्या म्हणाल्या, ‘रडतात, पडतात, चावतातसुद्धा. मग आम्ही काय करतो ते सांगते.’ त्यांच्याकडे तुला ठेवलं.”

“मी कुणाला चावले?”

“त्याच बाईंना.”

हेमांगीने लगेच, रविवारच्या भर दुपारी, तीन कंपन्यांना फोन लावले. पहिलीकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसरीकडचे काका म्हणाले, “आमचा सर्व्हर बंद पडतच नाही!” आईच्या भुवया वर गेल्या.

तिसरीकडे सईदाताई होत्या. “पडतो ना. गेल्या मे महिन्यात चाळीस मिनिटं पडला होता. का पडला ते लिहून ठेवलंय, पाठवते. तेव्हापासून प्रत्येक साइटची आणखी एक प्रत दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर असते. एक झोपला की दुसरा उठतो.”

“कासवीणसुद्धा सगळी अंडी एकाच खड्ड्यात घालतेच असं नाही,” खेकडू पुटपुटला.

“खरंच उठतो का, बघू?” हेमांगीने विचारलं.

सईदाताई हसल्या. “साइट पाठव इकडे. चढवली की मुद्दाम एक सर्व्हर बंद करते.”

तासाभरात साइट तिकडे गेली. मग ताईंनी एक सर्व्हर बंद केला आणि पान गेलं! आई सेकंद मोजू लागली. एक... दोन... सातव्या सेकंदाला पान परत हजर! हेमांगीने वाळूत कोलांटी उडीच मारली.

गुरुवारी सकाळी वाळू हलू लागली. काळी, वाटीएवढीही नसलेली पिल्लं बाहेर पडली. साइटवर अकरा हजार माणसं जमली होती. हेमांगीचं लक्ष मात्र बाबांना लावलेल्या फोनकडे होतं. बाबा एक शब्द बोलत नव्हते. चाक फिरतंय की काय?

“हेमू!” बाबा एकदम ओरडले. “अगं, ते डावीकडचं बघ! समुद्राकडे नाही, चहाच्या टपरीकडे निघालंय!”

किनाऱ्यावरच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. खेकडू धावला, पाय आडवा घातला. पिल्लू वळलं, लाटेत शिरलं.

“अंटार्क्टिकात बसून लक्ष!” आई हसत म्हणाली. “आणि म्हणे मीच काळजी करते.”

“मादी असेल तर पंधराएक वर्षांनी याच भागात अंडी घालायला येईल,” खेकडू म्हणाला.

हेमांगीने साइटवर एक नवं पान तयार केलं. वर तारखेच्या जागी लिहिलं, ‘२०५६’. खाली एवढंच: ‘पाहुणी येणार आहे.’