मागच्या भिंतीचं बटण

नवा व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर फिटरने हात पुसले आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पाहिलं. टँकरमधला गॅस दाबाखाली गॅस-स्टेशनच्या उभ्या टाक्यांत उतरवायचा, तर मधल्या पाइपावर असा एक पहारेकरी लागतोच. हवेच्या दाबाने हा उघडा राहायचा. हवा गेली, की आतली दांडगी स्प्रिंग त्याला खाडकन मिटवायची.

हवा सोडायला तीन बटणं होती. एक टँकर उभा राहतो तिथे, एक फाटकाजवळ आणि एक आवाराच्या मागच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूला. तिन्ही लाल, छत्रीच्या आकाराची, तळहाताने दाबायची. एकदा दाबलेलं बटण आतच अडकायचं. हाताने ओढून बाहेर काढल्याशिवाय व्हॉल्व्ह पुन्हा उघडत नसे.

"म्हणजे बिघडला तरी बंदच होणार?" फिटरच्या मेहुण्याने विचारलं.

"बंदच. उघडा राहून घात करणार नाही."

"माणसांचं उलटं असतं बघा, दाजी. बिघडली की तोंड बंदच होत नाही."

मेहुणा टँकर चालवायचा. लहानपणी दारात सापडून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलेलं. स्टेशनात त्याला सगळे 'साडेनऊ' म्हणत. कामावर मात्र तो साडेनऊच्या आत कधी उगवत नाही, असं फाटकावरचा पहारेकरी सांगायचा, आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने साडेनऊच हसायचा.

पहिले काही दिवस व्हॉल्व्हने कुरकुर केली नाही. मग एका सकाळी साडेनऊचा टँकर रिकामा होत असताना खाडकन आवाज आला आणि दाबाचा काटा शून्यावर उतरला. फिटर तिन्ही बटणं पाहत गेला. मागच्या भिंतीवरचं आत दाबलेलं होतं. भिंत आणि शेजारच्या गोदामामधली ती बोळकांडी अरुंद, खडी टाकलेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. कोणाचा तरी चाळा असेल, असं म्हणून त्याने बटण ओढलं आणि काम पुढे सुरू केलं.

दोन दिवसांनी तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दरम्यान दुसरे टँकर आले, रिकामे होऊन गेले, बटण जागचं हललं नाही. साडेनऊच्या टँकरचा होज, म्हणजे गॅस उतरवायची जाड रबरी नळी, जोडला, की थोड्या वेळाने खाडकन.

"दाजी, तुमचं झाकण माझ्यावर का रुसलंय?"

फिटरला हसू आलं नाही. त्याने हवेची नळी तपासली, स्प्रिंग सोडून पुन्हा बसवली, बटण उघडून आतले सांधे पुसले. साडेनऊच्या टँकरचा होज दाबाखाली तपासून आणला. तो धडधाकट निघाला. बटणावर त्याने काचेचं झाकण बसवलं आणि त्याला तारेचं सील ठोकलं. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह मिटला तेव्हा सील जसंच्या तसं होतं. काचेच्या आत बटण दबलेलं होतं.

स्टेशनच्या प्रमुख बाईंनी त्याला बोलावलं. बाई समजूतदार होत्या, आवाज चढवत नसत.

"ते मागचं बटण काढून टाकता येईल?"

"येईल. पण मग त्या बाजूने पळणाऱ्याच्या हाताशी काही राहणार नाही."

"आणि हे असं रोज थांबत राहिलं, तर लोक व्हॉल्व्हच बांधून ठेवतील. तेही तुम्हाला ठाऊक आहे." बाईंनी क्षणभर विचार केला. "एकदा स्वतः तिथे उभे राहा. मग सांगा."

साडेनऊचा टँकर लागला त्या दिवशी ऊन रणरणत होतं. फिटरने बटणावरचं काचेचं झाकण काढून ठेवलं आणि बोळकांडीत उभा राहिला. भिंत तापून तिला चुन्याचा उग्र वास येत होता. पलीकडून गॅस उतरल्याची एकसुरी शीळ ऐकू येत होती. बोळकांडीची दोन्ही टोकं त्याला दिसत होती आणि दोन्ही मोकळी होती.

मग बटण हललं.

झटक्यात नाही. सावकाश, जड दार लोटावं तसं ते आत जायला लागलं. फिटरने पटकन दोन बोटं त्याच्या छत्रीखाली घातली आणि जोर लावून ते अडवलं.

त्याच्या हातावर हात पडला.

दिसत काही नव्हतं. बोटांवर तळव्याचा भार होता, राठ, ओलसर, आणि इतका गार की फिटरच्या मनगटापर्यंत कळ गेली. एकेक बोट वेगळं कळत होतं. अंगठा. पहिलं बोट. त्यानंतरचं अर्ध्यावरच संपत होतं.

फिटरने हात ओढून घेतला. बटण आत गेलं.

भिंतीपलीकडे खाडकन आवाज झाला आणि शीळ थांबली. लगेच साडेनऊची हाक आली, टँकरजवळून, खणखणीत. "दाजी! पुन्हा मिटलं बघा!"

फिटर खडीवर बसला. हात साडेनऊचाच होता, आणि मेलेल्या माणसाच्या हातासारखा गार.

बाईंना त्याने एवढंच सांगितलं, की बटण ठीक आहे, ते राहू द्या. ड्रायव्हर बदला. का, ते विचारू नका. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं नाही. साडेनऊला दुसऱ्या आगारात टायरांच्या गोदामावर बसवलं. त्याच्या टँकरवर नवा ड्रायव्हर आला, एक चष्मेवाला, अबोल गृहस्थ.

स्टेशनात शांतता झाली, पण घरात आग लागली. फिटरची बायको भावावर जीव टाकणारी. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझ्या भावाच्या पोटावर पाय देताना काहीच कसं वाटलं नाही तुम्हाला?"

"त्याच्या भल्यासाठी केलं."

"काय भलं? सांगा ना, मलाही कळू दे."

फिटर ताटावरून उठला. साडेनऊने तर दाजींचं नाव टाकलं. रस्त्यात दिसला तर पलीकडची बाजू धरायचा. ज्याच्या जिवासाठी हा वाईटपणा पत्करला, त्याच्याच डोळ्यांत आपण खुपतो आहोत, हे फिटरला सलायचं.

व्हॉल्व्ह त्यानंतर एकदाही आपसूक मिटला नाही. टँकर तोच, होज तोच, महिने गेले. फिटरला कधी कधी वाटायचं, त्या दिवशी आपल्याला ऊनच लागलं असेल.

मग एका सकाळी बायकोने स्टेशनच्या ऑफिसात फोन केला. तिचा आवाज हलका झाला होता. "माझा भाऊ आलाय. रुसवा गेला त्याचा. जेवायला लवकर या, तुमच्यासाठी थांबलाय." फिटर कितीतरी दिवसांनी एकटाच हसला.

तो हत्यारं आवरत असतानाच होज फुटला.

आधी खाडकन आवाज झाला, आणि मग फाटल्याचा. हा क्रम फिटरच्या कानाने अचूक टिपला. व्हॉल्व्ह आधी मिटला होता. टँकरच्या अंगचा व्हॉल्व्हही पाठोपाठ बंद झाला, आणि होजात उरलेला तेवढाच गॅस पांढऱ्या लोटाने बाहेर पडला. त्याने जमिनीवर बर्फाची साय धरली आणि तो विरून गेला. चष्मेवाला ड्रायव्हर हाताच्या अंतरावर उभा होता. त्याच्या चष्म्यावर धुकं साचलं, एवढंच.

"बटण कोणी दाबलं?" बाईंनी विचारलं.

कोणीच दाबलं नव्हतं. पुढची दोन्ही बटणं बाहेर होती.

हवा मोकळी झाल्याची खात्री करून फिटर फाटकातून बाहेर पडला. पहारेकऱ्याकडे ठेवलेला आपला फोन घेतला आणि भिंतीला वळसा घालून बोळकांडीत गेला.

बटण आत दबलेलं होतं. ऊन थेट त्याच्यावर पडत होतं आणि त्याच्या कडेने दव धरलं होतं.

त्याने ते धरून ओढलं. येईना. पाय भिंतीला लावून ओढलं. कुठे गंजलं नव्हतं, वाकलं नव्हतं. ते कोणीतरी दाबून धरलं होतं.

मग त्याने डाव्या हाताने घरी फोन लावला.

"दाजी!" साडेनऊचाच आवाज. "अहो, किती वाट बघायची? ताई काही चहावर भागवू देत नाही."

"तू कधीपासून आहेस तिथे?"

"सकाळपासून. इथेच बसलोय. का?"

फिटरचा उजवा हात बटणावर होता. बोटांना गारवा चढत चालला होता.

"अरे," तो हळूच म्हणाला, "झालं. सगळे सुखरूप आहेत. आता सोड."

"काय सोडू?"

"सोड म्हणतो ना."

पलीकडे काहीतरी पडून फुटलं. कप असावा. बायकोचा आवाज आला, "अरे, धड धरता येत नाही का?" आणि त्याच क्षणी बटण फिटरच्या हातात अलगद बाहेर आलं.

"दाजी," साडेनऊ म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "गरम चहाचा कप होता हो हातात. आणि ताई म्हणतेय, माझ्या तळव्याची कातडी कपाला चिकटून गेलीय, बर्फाला चिकटावी तशी."